इंग्लंडमध्ये सोशल वर्कचं मास्टर्स: सोलापूरहून निघण्याआधी

सोशल वर्क शिकायला इंग्लंडला यायचं ठरलं की सोलापुरातून पहिला प्रश्न येतो विद्यापीठाच्या नावाचा आणि दुसरा फीचा. दोन्ही विचारायलाच हवेत. पण हा कोर्स पार पडतो की अडकतो, ते प्लेसमेंटवर, म्हणजे कोर्सचाच भाग असलेल्या प्रत्यक्ष कामावर ठरतं. दोन वर्षांच्या मास्टर्समध्ये २०० दिवस प्रत्यक्ष कामासाठी राखलेले असतात. त्यातले ३० दिवस कौशल्यं घोटून घेण्याचे आणि १७० दिवस संस्थांमध्ये, लोकांच्या घरी आणि कचेऱ्यांमध्ये काम करण्याचे. या १७० दिवसांत नापास झालात, तर निबंधांत कितीही चांगले मार्क असले तरी सोशल वर्कची पदवी मिळत नाही. फार तर दुसऱ्या नावाचं, नोंदणीला न चालणारं प्रमाणपत्र हातात पडतं.

नोंदणीचं आधी समजून घ्या, कारण आपल्याकडे एमएसडब्ल्यू, म्हणजे सोशल वर्कची मास्टर्स पदवी, झाल्यावर अशी कुठे नोंदणी करावी लागत नाही. इथे ‘सोशल वर्कर’ हे पद कायद्याने राखीव आहे. इंग्लंडपुरती ही नोंदणी डिसेंबर २०१९ पासून ‘सोशल वर्क इंग्लंड’ ही संस्था करते. स्कॉटलंड, वेल्स आणि नॉर्दर्न आयर्लंडच्या संस्था वेगळ्या आहेत. मान्य केलेल्या कोर्सची यादी या संस्थेच्या वेबसाइटवर असते आणि अर्ज भरण्याआधी आपला कोर्स तिथे शोधायचाच. सामाजिक धोरण, समुदाय विकास, आंतरराष्ट्रीय सोशल वर्क अशा नावांचे एक वर्षाचे कोर्स भरपूर आहेत. ते अभ्यास म्हणून वाईट नसतात, पण त्यांतून नोंदणी मिळत नाही. एजंट हे सांगतोच असं नाही. शिवाय मान्यताप्राप्त कोर्स चालवणारी सगळीच विद्यापीठं परदेशी विद्यार्थी घेत नाहीत, कारण त्यांच्याकडे प्लेसमेंटच्या जागा मोजक्या असतात.

ज्यांचं एमएसडब्ल्यू आधीच झालं आहे आणि हाताशी कामाचा अनुभव आहे, त्यांनी पुन्हा दोन वर्षं आणि लाखो रुपये घालण्याआधी दुसरी वाट तपासावी. परदेशात शिकलेल्यांना थेट नोंदणीसाठी अर्ज करता येतो. त्यासाठी अभ्यासक्रमाचा तपशील, फील्डवर्कचे तास, कामाचे दाखले आणि इंग्रजीचा पुरावा लागतो. कॉलेजकडून सत्रवार फील्डवर्कच्या तासांचं सही-शिक्क्याचं पत्र घ्यायचं असेल, तर ते सोलापुरात असतानाच घ्या. इथून फोन करून ते मिळवणं फार जड जातं.

पैशांचं थोडक्यात. ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती एक वर्षाच्या मास्टर्ससाठी असते, त्यामुळे दोन वर्षांचा हा कोर्स तिच्यात बसत नाही. राज्य सरकारची अनुसूचित जातींसाठीची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, केंद्राची नॅशनल ओव्हरसीज आहे आणि केंद्राच्या योजनेत विमुक्त व भटक्या जमातीही येतात. या जमातींची जुनी वस्ती असलेल्या सोलापूरच्या सेटलमेंट भागातल्या मुलामुलींनी ही गोष्ट जरूर लक्षात ठेवावी. मात्र या योजनांमध्ये विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते. क्रमवारीत बसणारं विद्यापीठ, नोंदणीला चालणारा कोर्स आणि परदेशी विद्यार्थ्याला जागा, या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी जुळल्या पाहिजेत. म्हणून शोध या तीन चाळण्यांतून सुरू करा, शहराच्या आवडीवरून नको.

इंग्रजीसाठी बहुतेक कोर्स आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत ७ गुण मागतात आणि बऱ्याच ठिकाणी चारही भागांत ७ लागतात. आपली मुलं बोलण्यात, ऐकण्यात पास होतात आणि लेखनात साडेसहावर अडकतात. प्रवेशाची मुलाखत इतर कोर्सपेक्षा वेगळी असते. लेखी चाचणी, गटचर्चा आणि मग पॅनेल. त्या पॅनेलवर प्राध्यापकाच्या शेजारी अनेकदा अशी व्यक्ती बसलेली असते, जिने स्वतः सोशल वर्कच्या सेवा घेतल्या आहेत. म्हणजे लहानपणी सरकारी देखभालीत वाढलेली किंवा मानसिक आजारातून गेलेली. तिचे प्रश्न साधे वाटतात आणि तिचं मत मोजलं जातं.

अर्जासोबतच्या निवेदनात ‘लहानपणापासून समाजसेवेची आवड’ हे वाक्य खोडून टाका. कुंभारीच्या विडी कामगार वसाहतीत काम केलं असेल, तर ते उघडून लिहा. तिथल्या बाईचा दिवस विड्यांच्या हजारीत मोजला जातो. मग बैठक कितीला ठेवली, कोण आलं नाही आणि का, आणि पुढची वेळ कुणाच्या सांगण्यावरून बदलली? तुम्ही काय केलं यापेक्षा त्यातून तुमचं कुठलं मत बदललं, हे इथे वाचतात. पासपोर्ट कार्यालयातून पोलीस क्लिअरन्स लागेल आणि स्वतःच्या पूर्वेतिहासाचं स्वयंघोषणापत्र भरावं लागेल. त्यात जुनी क्षुल्लक केसही लपवू नका. केस असल्याने प्रवेश जातोच असं नाही, लपवल्याने मात्र जातो.

आल्यावर लगेच प्लेसमेंट मिळत नाही. आधी ‘प्रत्यक्ष कामासाठी तयारी’ची परीक्षा असते. बहुधा अभिनेत्यासोबत किंवा सेवा घेतलेल्या व्यक्तीसोबत मुलाखतीचा प्रसंग करून दाखवायचा आणि नंतर त्यावर लिहायचं. पास झालात की बहुतेक ठिकाणी पहिली प्लेसमेंट ७० दिवसांची आणि दुसरी १०० दिवसांची. पहिली साधारणपणे एखाद्या स्वयंसेवी संस्थेत असते: निर्वासितांचं केंद्र, घरगुती हिंसाचारातून बाहेर पडलेल्या स्त्रियांचं निवारागृह, वृद्धांचं दिवसकेंद्र. दुसरीत कायद्याने नेमून दिलेलं काम असतं, म्हणजे कौन्सिलचा (स्थानिक प्रशासनाचा) बालविभाग, प्रौढांचा विभाग किंवा रुग्णालयातली टीम. आठवड्याला चार दिवस धरले, तर १०० दिवसांना २५ आठवडे लागतात. आजारपणाचे दिवस भरून द्यावे लागतात. हे काम बिनपगारी असतं. व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तास नोकरी करता येते आणि कोर्सचा भाग असलेली प्लेसमेंट त्या २० तासांत धरत नाहीत. पण चार-पाच दिवस प्लेसमेंट करून वर शनिवार-रविवार केअर होममध्ये पाळ्या केल्या, की पहिल्या महिन्यानंतर माणूस लिहायचा थांबतो, आणि नापास होण्याची सुरुवात बहुधा तिथूनच होते.

प्लेसमेंटवर तुमची परीक्षा घेणारी व्यक्ती म्हणजे प्रॅक्टिस एज्युकेटर. सुरुवातीला शिक्षण-कराराची बैठक, मध्यावर आढावा, शेवटी अहवाल. मध्ये काही वेळा ती व्यक्ती तुमच्यासोबत भेटीला येऊन गप्प बसून निरीक्षण करते. साधारण आठवड्याला एक-दीड तास सुपरव्हिजन, म्हणजे तुमच्या कामावर तिच्याशी चर्चा. आपल्या मुलांचं इथे हमखास काय चुकतं, ते सांगतो. आपण मोठ्यांसमोर मान डोलावतो. ‘हो, समजलं’ म्हणून उठतो. इथे सर-मॅडम नाही, नावाने हाक मारायची, आणि गप्प राहणं हा आदर मानत नाहीत. विद्यार्थी विचार करत नाही, असाच त्याचा अर्थ लावला जातो. सुपरव्हिजनला जाताना तीन गोष्टी लिहून न्या: काय जमलं, कुठे अडकलो, आणि तुमच्या म्हणण्यातलं काय मला पटलं नाही. तिसरी गोष्ट आपल्याला सगळ्यात अवघड जाते आणि मार्क तिलाच असतात.

दुसरी अडचण म्हणजे मरमर काम करूनही पुरावा नसणं. चहा केला, फोन घेतले, खुर्च्या लावल्या, सगळे खूश. पण मूल्यं, विविधता, हक्क, ज्ञान, चिकित्सक विचार अशा नऊ क्षेत्रांत तुम्ही काय केलं, हे तुम्हालाच दाखवायचं असतं. दर आठवड्याला एका प्रसंगावर पानभर चिंतन लिहा आणि त्याच दिवशी ते क्षेत्राला जोडून ठेवा. ७० दिवस संपताना आठवून लिहिलेलं चिंतन वाचणाऱ्याला लगेच ओळखू येतं.

सगळ्यात जास्त शिकावं लागतं ते नोंदी लिहायला. ‘घर अस्वच्छ होतं, आई बेफिकीर वाटली’ हे वाक्य फाइलमध्ये टिकत नाही. तीच नोंद अशी लागते: ‘भेट दुपारी ३.४० ते ४.३०. सिंकमध्ये न धुतलेली ताटं. फ्रिजमध्ये अर्धा लिटर दूध आणि पाव. धाकट्याच्या गादीवर चादर नव्हती. आई म्हणाली, सलग तीन रात्रपाळ्या झाल्या. थोरल्या मुलीशी, वय ८, एकटीशी बोललो. ती म्हणाली, सकाळी भावाला शाळेसाठी मीच तयार करते.’ मग वेगळ्या परिच्छेदात विश्लेषण: काळजीचं काय, कुटुंबाचं बळ कशात, पुढे कोण काय करणार आणि कधी. पाहिलेलं, ऐकलेलं आणि तुमचं मत या तिन्हींच्या हद्दी वेगळ्या ठेवायच्या. ही फाइल ते कुटुंब मागून वाचू शकतं, आणि ती मुलगी मोठी होऊन वाचेल, हे धरूनच लिहायचं. सोबत घटनाक्रम आणि जिनोग्राम, म्हणजे कुटुंबातल्या नात्यांची आकृती. जिनोग्राममध्ये पुरुष चौकोनात, स्त्री गोलात, निधन झालेल्यावर फुली, आणि एका छपराखाली राहणाऱ्यांभोवती तुटक रेष. एकत्र कुटुंबात वाढलेल्याला ही तुटक रेष कुठे काढायची हे ठरवायला वेळ लागतो, पण नाती वाचण्यात आपला हात पटकन बसतो.

मुदती पाठ असाव्या लागतात. एखाद्या मुलाविषयी कळवलं गेलं, की पुढे काय करायचं याचा निर्णय एका कामकाजी दिवसात व्हायला हवा. कुटुंबाचं मूल्यमापन जास्तीत जास्त ४५ कामकाजी दिवसांत, आणि गंभीर हानीची शंका असेल तर रणनीती-चर्चेपासून (संबंधित यंत्रणांच्या पहिल्या एकत्र चर्चेपासून) १५ कामकाजी दिवसांत बालसंरक्षण परिषद, म्हणजे त्या मुलाविषयीची औपचारिक बैठक. मुळाशी १९८९ चा चिल्ड्रन अॅक्ट, त्यातली कलमं १७ (गरजू मुलांना मदत) आणि ४७ (हानीच्या शंकेची चौकशी). आपल्याकडे बालकल्याण समितीसमोर मुलाला २४ तासांत हजर करण्याची अट ज्याने कामातून पाहिली आहे, त्याला मुदतीचं भय नवं नसतं. इथे फरक इतकाच की विद्यार्थ्यालाही त्या घड्याळावर काम करावं लागतं.

प्रौढांच्या विभागात आपल्या माणसाची खरी कसोटी लागते. सोलापूरच्या सिव्हिलमध्ये समाजसेवा अधीक्षकाकडे येतो तो बहुधा पेशंटचा मुलगा. कागद तो आणतो, सही तो करतो, निर्णयही त्याचाच. इथे २००५ चा मेंटल कपॅसिटी अॅक्ट सांगतो की प्रौढ माणूस निर्णय घ्यायला सक्षम आहे असंच धरून चालायचं, आणि निर्णय दुसऱ्याला शहाणपणाचा वाटला नाही म्हणून तो असमर्थ ठरत नाही. ८० वर्षांचे आजोबा जिन्यावरून दोनदा पडले आहेत, मुलगी केअर होमसाठी रडते आहे, आजोबा म्हणतात घरीच जायचं. तुम्ही तपासायचं ते एवढंच: माहिती समजते का, निर्णय होईपर्यंत लक्षात राहते का, तिचा तोलमोल करता येतो का, आणि निर्णय कोणत्याही मार्गाने सांगता येतो का. चारही जमत असेल, तर आजोबा घरी जातात आणि तुमचं काम जिन्याला कठडा, अलार्म आणि सकाळ-संध्याकाळची मदत जुळवण्याचं. मुलीच्या रडण्याकडे पाठ फिरवायची नाही, तिच्यावर पडणाऱ्या भाराचं वेगळं मूल्यमापन २०१४ च्या केअर अॅक्टनुसार करता येतं. पण आजोबांच्या जागी तिची संमती चालत नाही. हे निबंधात लिहिणं सोपं आहे. त्या खोलीत मुलीकडे न बघता आजोबांना प्रश्न विचारणं मात्र सराव मागतं.

भाषा ही सोलापूरची मोठी जमा आहे. मराठी, तेलुगू, कन्नड, हिंदी-उर्दू कानावर पडतच आपण वाढतो. टीमला हे कळलं, की तुम्हाला दुभाषी म्हणून हाका येऊ लागतात. नम्रपणे सांगा की मी विद्यार्थी आहे, दुभाषी नाही. दोन्ही भूमिका एकदम केल्या, तर पुढे नोंद कुणाच्या शब्दांत आहे हाच प्रश्न उभा राहतो. नातेवाइकाला, विशेषतः मुलाला, दुभाषी करू नये हा नियम पक्का आहे. २००० साली लंडनमध्ये छळामुळे मरण पावलेल्या ८ वर्षांच्या व्हिक्टोरिया क्लिम्बिएचं प्रकरण प्रत्येक कोर्समध्ये शिकवतात. २००३ च्या लॉर्ड लॅमिंग यांच्या चौकशी अहवालातून हेच पुढे आलं की अनेक यंत्रणांचा तिच्याशी संबंध आला, पण तिच्याशी स्वतंत्रपणे नीट बोलणं झालंच नाही.

गाडीचा मुद्दा लहान वाटतो, पण त्यावर प्लेसमेंट हुकतात. शहराबाहेरच्या टीमना गाडी चालवणारा विद्यार्थी हवा असतो. भारतीय लायसन्सवर इथे १२ महिने गाडी चालवता येते, नंतर इथली लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा. म्हणजे १०० दिवसांची प्लेसमेंट दुसऱ्या वर्षात येईपर्यंत जुन्या लायसन्सची मुदत संपलेली असते. पहिल्याच सत्रात इथल्या परीक्षेला लागा. आणि लायसन्स सोलापुरात नुसतं काढून नव्हे, गाडी चालवून या.

पदवीनंतर नोंदणी आपोआप होत नाही, अर्ज करावा लागतो. त्यानंतरचं नोकरीतलं पहिलं वर्ष देखरेखीचं आणि मूल्यमापनाचं असतं. परत येऊन आपल्याकडच्या सरकारी पदांसाठी अर्ज करायचा असेल, तर समकक्षता प्रमाणपत्र लागेल. दुसऱ्या देशात गेलात, तर तिथली संस्था प्लेसमेंटचे दिवस आणि स्वरूप विचारेल. दोन्ही प्लेसमेंटचे अंतिम अहवाल, दिवसांचा सही केलेला तक्ता आणि प्रत्येक मोड्यूलची माहितीपुस्तिका स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा. लोकांची नावं आणि ओळख पटेल असा मजकूर असलेलं काहीही मात्र घेऊ नका, तो गोपनीयतेचा भंग ठरतो. विद्यापीठाचं खातं पदवीनंतर काही काळाने बंद होतं, म्हणून हे काम शेवटच्या सत्रातच उरका.