वरचे ३,२००

तो आणि मी तिवंधा चौकातले. बाहेरच्यांना दर वेळी सांगावं लागतं, की नाशिककरांचा खरा रंग धुळवडीला नाही, रंगपंचमीला. जुन्या गावात पेशवेकाळापासूनच्या रहाडी आहेत, रस्त्याच्या पोटातले दगडी हौद. वर्षभर त्या लाकडं आणि माती टाकून बुजवलेल्या असतात, वरून रिक्षा धावतात. पंचमीला उघडायच्या, रंग कालवायचा आणि काठावरून उडी टाकायची. तिला आम्ही धप्पा म्हणतो. माझा पहिला धप्पा त्यानेच घडवला, मागून ढकलून. नाकातोंडात रंग गेला. मी दोन दिवस बोललो नाही, तिसऱ्या दिवशी विसरलो.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये अंबडला त्याचं वर्कशॉप बसलं. दोन लेथ, तीन कामगार. फोनवर दहा मिनिटं माझ्या आईचे गुडघे, त्याच्या पोरीची ऑनलाइन शाळा, आणि मग एकदम, "चाळीस होतील का रे?" तासाभरात पाठवले. मी हिशोब ठेवत नाही, असं नंतर चारचौघांत सांगायचो. चारचौघांत सांगायचो, यातच काय ते आलं.

पुढच्या वर्षी सगळी गँग मिसळ खायला गेली. त्याने दुसरा पापड मागवला आणि मी बोलून गेलो, "जपून भो, आधी माझे चाळीस." सगळे हसले. तोही हसला. पण नंतर नुसता पाव मोडत बसला, तर्रीवर साय धरली. मला ते दिसलं होतं. दिसलं नाही असं लिहिणं सोपं गेलं असतं. अनोळखी माणसाला मी असं कधीच बोललो नसतो, जीभ फक्त त्याच्यापुढेच सैल सुटते.

महिन्याभराने तो दारात उभा. चपलाही काढल्या नाहीत. पाकिटात ४३,२००. वर्षाचं आठ टक्क्यांनी व्याज! बायको म्हणाली, चहा तरी घ्या. "नको वहिनी, माल यायचाय." मला राग आला तो त्याचाच. मला सावकार करून गेला म्हणून. स्वतःवर यायला बरेच दिवस लागले.

मग फोन वाढदिवसापुरते उरले. बोलायचो सगळं, पण जपून, सोयऱ्यांशी बोलावं तसं.

यंदा पंचमीला रहाडीच्या काठावर दिसला. दोघांचेही गुडघे आता धप्प्याचे राहिले नाहीत. गर्दीतून लांबूनच हात केला. रात्री मी त्याला मोबाईलवरून ३,२०० पाठवले, एक अक्षर न लिहिता. पाच मिनिटांत परत आले. ३,२०१.

सकाळी मी ३,२०२ केले.

काल त्याच्याकडून ३,२१७ आलेत. आज माझी पाळी.