सायनोबॅक्टेरियाची प्रोटीनं शोधताना : माझा अनुभव

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी सरांनी सिनेकोसिस्टिस ६८०३ या सायनोबॅक्टेरियाचा (प्रकाशसंश्लेषण करणारा जीवाणू) फ्लास्क हातात दिला आणि म्हणाले, याच्या थायलाकॉइडमधले (प्रकाशसंश्लेषण चालतं ते पेशीतलं पातळ आवरण, म्हणजे मेम्ब्रेन) कॉम्प्लेक्स, म्हणजे प्रोटीनांचे जुडगे, वेगळे कर, कशात कोणकोणती प्रोटीनं आहेत ते सांग. मनात म्हटलं सोपंय की, याचा अख्खा जीनोम १९९६ लाच वाचून झालाय, यादी तयार आहे, आपण फक्त टिक करत जायचं!

काचेच्या बारीक मण्यांनी पेशी फोडल्या, सगळं बर्फात आणि अंधारात, सेंट्रिफ्यूज केलं तर वरचं पाणी निळंशार, म्हणजे फायकोसायनिन, प्रकाश पकडणारं निळं प्रोटीन. ते कितीही धुवा, थोडं मागे राहतंच आणि नंतर प्रत्येक यादीत हजेरी लावतं. मग मेम्ब्रेन डोडेसिल माल्टोसाइड या सौम्य साबणासारख्या रसायनात विरघळवून सुक्रोज ग्रेडियंटवर (खाली दाट होत जाणारं साखरेचं पाणी) रात्रभर फिरवलं. सकाळी ट्यूब बघून भारीच वाटलं, वर केशरी कॅरोटिनॉइड, मधे पोपटी पट्टा आणि खाली गडद हिरवा, तो फोटोसिस्टिम वन या प्रकाश वापरणाऱ्या कॉम्प्लेक्सचा ट्रायमर, म्हणजे तिघांचा जोड. फोटो काढून आईला पण पाठवला.

आनंद जेलपर्यंतच टिकला, जिथे प्रोटीनं वजनाप्रमाणे वेगळी होतात. सवयीने सॅम्पल ५ मिनिटं उकळलं आणि पीएसएए, पीएसएबी ही फोटोसिस्टिम वनची दोन मोठी प्रोटीनं जेलमध्ये शिरलीच नाहीत, वरच्या खाचेतच गुठळी होऊन बसली. शेजारच्या टेबलावरचा सीनियर दादा म्हणाला, "अगं मेम्ब्रेन प्रोटीन उकळतात का?" प्रोटोकॉलमध्ये हे कुणी लिहित नाही. न उकळता केलं तर आली, पण ८३ च्या ऐवजी ६० किलोडाल्टनच्या (प्रोटीनच्या वजनाचं एकक) आसपास, पसरट डाग. ते म्हणे नेहमीचंच, इतकी पाण्याला नाखूष प्रोटीनं जेलवर खरं वजन दाखवत नाहीत.

खरी डोकेदुखी फोटोसिस्टिम टू या दुसऱ्या कॉम्प्लेक्सची. ती या जीवात वनपेक्षा बरीच कमी, म्हणून तिच्यातल्या सीपी४७ या प्रोटीनला हिस टॅग (निकेलला चिकटणारी शेपटी) लावलेला स्ट्रेन घेतला, निकेल कॉलमवर पकडली, ट्रिप्सिन या प्रोटीन कापणाऱ्या एन्झाइमने कापून मास स्पेकला (तुकड्यांचं वजन मोजून प्रोटीन ओळखणारं मशीन) दिली. डी१, डी२, सीपी४३, सीपी४७ ही मोठी प्रोटीनं सगळी हजर, आणि माझ्या हातावरचं केराटिन हे कातडीचं प्रोटीनही! पण पीएसबी-टी, पीएसबी-आय ही तिची छोटी प्रोटीनं गायब. दोन महिने मी प्रेपलाच (सॅम्पल तयार करण्यालाच) दोष देत बसले, चार वेळा परत केली. गोम ट्रिप्सिनची होती, ते लायसिन आणि आर्जिनिन या दोन अमिनो आम्लांपाशीच कापतं आणि पीएसबी-टी म्हणजे जेमतेम तीसेक अमिनो आम्लं, त्यातली मेम्ब्रेनमधली लांब पट्टी कापलीच जात नाही, उरलेले तुकडे इतके बारके की मोजणीतच येत नाहीत.

शेवटी न कापता अख्ख्या प्रोटीनचं वजन माल्डी या दुसऱ्या प्रकारच्या मास स्पेकवर घेतलं. पीक मिळाला, पण वजन हिशोबापेक्षा २८ डाल्टनने जास्त. परत रडकुंडीला आले. मग कळलं की पहिल्या अमिनो आम्लावरचा, म्हणजे मेथिओनिनवरचा, फॉर्माइल गट (जीवाणू प्रोटीन बनवताना सुरुवातीला लावतात तो छोटा रासायनिक गट) निघालेलाच नाही, त्याचेच ते २८. पीएसबी-आयलाही तेच. पीएसबी-जे हे आणखी एक छोटं प्रोटीन अजून हुलकावणी देतंय, त्याच्यासाठी सोमवारी मशीन बुक केलंय.