चौदा घरं आणि एक चकती : आमची वाटचाल

आमच्या तलवारबाजीच्या वर्गात चौकशीला येणारे पालक आधी विचारतात, "लागणार नाही ना?" आणि मग, "महाराजांच्या काळातली तलवार शिकवता की ऑलिम्पिकची?" शिकवतो दोन्ही, पण एकाच दिवशी नाही. हात गोंधळतो.

कारण मुठीत आहे. फॉइल, म्हणजे ऑलिम्पिकमधली टोकाने भोसकायची हलकी तलवार, बोटांनी चालते, मनगट मोकळं असतं. आपल्या तलवारीच्या मुठीला मागे वाटोळी गादी असते. घरी करून बघा: फूटपट्टीच्या टोकाला ७ सेंमीची पुठ्ठ्याची चकती चिकटवा, चकतीला लागूनच मूठ आवळा आणि सरळ भोसका. चकती मनगटात रुतते. म्हणजे ही तलवार ओढून कापायची. दांडपट्ट्यात तर हात लोखंडी खोबळ्यातच जातो, मनगट वळतच नाही. वार खांद्यातून आणि कमरेतून येतो. म्हणून पट्ट्याआधी लाठी, आणि लाठीआधी पवित्रे.

सुरुवात फोमच्या तलवारींनी झाली, सहा ते आठ वर्षांच्या मुलांसाठी अजूनही त्याच. अर्धा इंची पीव्हीसी पाइप ६० सेंमी, वर एसीच्या तांब्याच्या नळीला चढवतात तो काळा फोम. पहिल्या खेपेला फोम पाइपाएवढाच कापला होता. आठवड्याभरात पाइपाचं टोक बाहेर डोकावायला लागलं. आता पाइपाला टोपण, त्यावर जुन्या रबरी चपलेची चकती, आणि फोम टोकापुढे ५ सेंमी. चिकटपट्टी लांबीत लावायची. गोल गोल आवळली की फोम दबतो आणि काठीच उरते.

नवव्या-दहाव्या वर्षी पोलाद. मुलांना ० आणि २ नंबरची पाती. ५ नंबर म्हणजे मोठ्यांचं, ९० सेंमीचं. पातं मोडतं ते बहुतेक वेळा टोकाकडच्या भागात, एकाच जागी वारंवार वाकून. मोडलेलं टोक हाच खरा धोका, म्हणून जाकिटाच्या आत हत्याराच्या बाजूला काखेपर्यंत येणारा प्लास्ट्रॉन, म्हणजे जाड कापडाचं आतलं कवच. तो नसेल तर मूल पट्टीवर, म्हणजे लढतीच्या लांबट जागेवर, उतरत नाही, मग पालक कितीही घाईत असोत. इलेक्ट्रिक फॉइलचं टोक दाबलं गेलं की वार लागल्याचा दिवा लागतो; त्या टोकावर ५०० ग्रॅमचं वजन ठेवून टोक दाबायचं. स्प्रिंगने वजन परत उचललं पाहिजे.

भवानी देवी २०२१ साली टोकियोत खेळली. ऑलिम्पिकमध्ये भारताकडून उतरलेली ती पहिली तलवारबाज. ती सेबरवाली (सेबर म्हणजे धारेनेही वार करायची तलवार), त्यामुळे चौकशी सेबरची वाढली. आम्ही तरीही फॉइलनेच सुरू करतो. सेबरमध्ये मुलं धावतात, अंतर शिकत नाहीत.

फॉइलची अडचण वेगळी: वाराचा हक्क. दोन्ही दिवे लागले तर गुण कोणाला? आधी हात लांबवून चाल केली त्याला. समोरच्याने पातं अडवलं की हक्क त्याच्याकडे. (एपे या तिसऱ्या तलवारीत ही भानगड नाही, एक-पंचविसांश सेकंदाच्या आत दोघांचे वार लागले तर दोघांना गुण.) फळ्यावर समजावून हे दहा वर्षांच्या मुलाच्या डोक्यात शिरत नाही. त्यासाठी खेळ बनवला, आणि खेळ बनवणं हा धंद्याचा दुसरा पाय झाला.

पट्टी १४ मीटरची, म्हणून पटावर घरं १४. सोंगट्या पाचव्या आणि दहाव्या घरात, मध्ये चार घरं, कारण पवित्र्याच्या रेषांत ४ मीटर अंतर असतं. दोघांनी एकाच वेळी एक पान पालथं टाकायचं: पुढे, मागे, वार किंवा अडव. वार दोन घरांपर्यंत पोचतो. पहिल्या आवृत्तीत दोघंही वारच टाकत आणि भांडत. मग पितळी चकती आणली: आधी पुढे सरकला त्याची चकती, दोन्ही वार पडले तर गुण चकतीवाल्याला, वार अडवला तर चकती हातबदल.

अडवायच्या दिशा आधी चार ठेवल्या होत्या, खऱ्या फॉइलप्रमाणे. चारांतून एक ओळखायची, म्हणून कोणी अडवेचना. दोनच ठेवल्या, आतली आणि बाहेरची. तर सगळेच अडवत बसले. शेवटी प्रत्येकी एक 'हूल' दिली, डावात एकदाच वापरायची. ती पडल्यावर समोरच्याचं 'अडव' वाया जातं. त्यानंतर मुलं पट्टीवरही हूल द्यायला लागली.

मुंबईत १४ मीटरचा हॉल परवडत नाही. सोसायटीच्या हॉलमध्ये १० मीटर मिळतात. दोन्ही पाय मागच्या रेषेपलीकडे गेले की गुण समोरच्याला, हा नियम तिथे लवकर अंगवळणी पडतो. जून ते सप्टेंबर पात्यांना रोज शिलाई मशीनचं तेल, आणि घामेजलेलं लामे जाकीट (वार नोंदवणारं, धातूच्या धाग्यांचं) घडी न करता पंख्याखाली. त्याचा रोध मल्टीमीटरवर कुठेही ५ ओमपर्यंत चढला की ते जाकीट बाजूला.