औषध नाही हो, नुसता काढा

त्या काकू माझ्याकडे बऱ्याच वर्षांपासून बीपीसाठी येतात. त्या दिवशी मुलाच्या खांद्यावर हात टाकून, पाय ओढत आत आल्या. पंधरा दिवसांपूर्वी त्यांचं बीपी १५८/९६ भरलं होतं, म्हणून मी क्लोरथॅलिडोन ही त्यांची बीपीची गोळी १२.५ वरून २५ मिलिग्रॅम केली होती. आज १८२/१०४.

"डॉक्टर, पायांत त्राणच राहिलं नाही. जिना चढताना मधेच बसावं लागतं."

ईसीजी काढला. टी लहर चपटी झालेली, तिच्यामागे एक जास्तीची यू लहर. रक्ताचा रिपोर्ट यायच्या आधीच अंदाज आला होता. पोटॅशियम २.६. किमान ३.५ तरी हवं. लगेच दाखल करून घेतलं, मॉनिटर लावला आणि शिरेतून हळूहळू पोटॅशियम सुरू केलं.

मी वाढवलेल्या गोळीने पोटॅशियम लघवीतून जातं, हे खरं. पण त्या गोळीने बीपी उतरायला हवं, ते चढलं कसं? बीपी जास्त आणि पोटॅशियम कमी अशी जोडी दिसली की पहिला संशय किडनीच्या वरच्या अॅड्रिनल ग्रंथीवर जातो. अल्डोस्टेरॉन, म्हणजे त्या ग्रंथीचं मीठ धरून ठेवणारं संप्रेरक, आणि त्याला चालना देणारं रेनिन, या दोन्हींच्या तपासण्या लिहून दिल्या. "दुसरं काही औषध घेता का?" हेही विचारलं. नाही म्हणाल्या. पंधरा दिवसांपूर्वीही हेच विचारलं होतं आणि हेच उत्तर मिळालं होतं.

उलगडा झाला तो सिस्टरांमुळे. सलाइनचा वेग लावता लावता त्यांनी विचारलं, "काकू, सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री झोपेपर्यंत पोटात काय काय जातं, ते ओळीने सांगा बघू."

काकू सांगत गेल्या, आणि मधेच सहज म्हणाल्या, "मग ज्येष्ठमधाचा काढा. सकाळी एकदा, रात्री एकदा."

मी दारातून मागे वळलो. "मघाशी म्हणालात ना, औषध नाही?"

"औषध नाही हो, नुसता काढा. खोकल्यासाठी सुरू केला होता."

खोकला चार दिवसांत थांबला होता. काढा मात्र सहा आठवडे चालूच होता.

मुलाने घरून डबा आणि चमचा आणला. काकू चमचा शीग लावून भरायच्या. आम्ही तो वजन करून पाहिला, तीन ग्रॅम. म्हणजे दिवसाला सहा. काढा गाळायच्या नाहीत, तळाची पूडही गोड लागते म्हणून खाऊन टाकायच्या. ती गोडी ज्याची, तेच ग्लिसिरायझिन इथे नडलं. मुळीत त्याचं प्रमाण कमीजास्त असतं. चार टक्के धरलं तरी दिवसाला २४० मिलिग्रॅम होतात. रोज घेणाऱ्यांनी १०० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, असं युरोपातल्या तज्ज्ञ समितीने सांगितलेलं आहे, आणि बीपी असलेल्यांना त्याहून कमीही बाधू शकतं.

आपल्या किडनीत कॉर्टिसोल या संप्रेरकाला निकामी करणारं एक एन्झाइम असतं. ग्लिसिरायझिन त्यालाच अडवतं. मग कॉर्टिसोल अल्डोस्टेरॉनच्या जागी जाऊन त्याचं काम करू लागतं: मीठ आणि पाणी शरीरात साठतं, बीपी चढतं, पोटॅशियम वाहून जातं. त्यात मी गोळी दुप्पट केली. काढा आणि गोळी, दोन्हीकडून पोटॅशियम जात राहिलं. पंधरा दिवसांपूर्वीच नीट विचारलं असतं तर काकूंवर ही वेळ आली नसती, याची रुखरुख मला अजून आहे. पुढे रिपोर्ट आले, रेनिन आणि अल्डोस्टेरॉन दोन्ही तळाला. ग्रंथीचा काही दोष नव्हता.

ज्येष्ठमधाला मी वाईट म्हणणार नाही. घसा खवखवत असेल तर धडधाकट माणसाला चार-पाच दिवस त्याने आराम पडतो. बद्धकोष्ठतेला इसबगोल मी स्वतः लिहून देतो, आणि त्यासोबत पेलाभर पाणी व बाकीच्या गोळ्यांपासून दोन तासांचं अंतर हेही लिहितो. ज्या वनस्पतीत गुण देण्याइतकी ताकद आहे, तिला माप लागतं आणि कधी थांबायचं ते ठरलेलं असावं लागतं. काकूंच्या डब्यावर नाव तेवढं होतं. किती घ्यायचं, किती दिवस, कुणी घेऊ नये, यातलं एक अक्षर नव्हतं.

काढा बंद केला तरी एन्झाइम पूर्ववत व्हायला दिवस लागतात, कधी आठवडेही. चौथ्या दिवशी घरी सोडलं, पण दर तीन दिवसांनी पोटॅशियम तपासत राहिलो. क्लोरथॅलिडोन थांबवून बीपीची दुसरी गोळी दिली. तिसऱ्या आठवड्यात काकू एकट्या आल्या, जिना चढून. बीपी १३४/८२, पोटॅशियम ४.१.

पिशवीतून त्यांनी वही काढून माझ्यापुढे ठेवली. वर गोळ्यांची नावं, खाली मोठ्या अक्षरांत: "इसबगोल, सोमवारपासून, रात्री एक चमचा." पुढची जागा कोरी होती.

"बंद कधी करायचं, ते तुम्ही लिहा," त्या म्हणाल्या आणि पेन माझ्या हातात दिलं.