पगाराची तारीख: आमच्या वर्कशॉपची वाटचाल

आमच्या पाटीवर ‘स्थापना 1978’ लिहिलंय, पण धंद्याचं भांडवल त्याआधीचं, आजोबांच्या पगारातलं. आजोबा नागपूरच्या एका मिलमध्ये फिटर होते. बाकी सगळं घर कापूसवालं. कापसाचा पैसा वर्षातून एकदा यायचा, दिवाळीच्या पुढेमागे, त्यातलाही निम्मा सावकाराकडे वळता व्हायचा. आजोबांचा पगार मात्र दर महिन्याला. त्यावर शेतातली विहीर बांधली गेली आणि बाबा आयटीआय शिकले.

1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली तेव्हा इकडचा कापूस गाठी बांधून मुंबईला आणि तिथून विलायतेला जायचा. 1 जानेवारी 1877 ला जमशेटजी टाटांनी एम्प्रेस मिल सुरू केली. कापूस पिकतो तिथंच सूत काढायचं, असा हिशेब. पुढे हिंगणघाट, पुलगाव, बडनेरा, अचलपूर इथंही मिली उभ्या राहिल्या. मिलच्या आधाराने सरकीचे घाणे, ढेपवाले, खानावळी, शिंपी आणि आमच्यासारखे लेथवाले, म्हणजे यंत्रावर लोखंडाचे सुटे भाग कातून देणारे, जगले.

बाबांनी जुना लेथ घेतला तो मिलच्याच कामावर. बुश, गिअर, चात्यांची दुरुस्ती. काम बारमाही, बिलं मात्र अडकायची. एका मिलचं शेवटचं बिल अजून फाईलला आहे. बाबा ती फाईल टाकू देत नाहीत.

2002 मध्ये एम्प्रेस बंद पडली. तोवर आम्ही जिनिंगकडे, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यांच्या कामाकडे वळलो होतो, हौसेनं नाही. रेच्याचे, म्हणजे सरकी काढायच्या यंत्राचे, रोलर कातायचे, चामड्याच्या चकत्या बदलायच्या, सुऱ्यांना धार लावायची. हंगामात रात्री दोनला फोन येतो, कारण रेचा थांबला की दारात कापसाच्या गाड्यांची रांग लागते. इथं खरं शिकलो ते उधारी किती दिवसांची द्यायची, हे.

क्विंटलभर कापसातून साधारण 34 किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. सरकीचं तेल आणि ढेप इथंच होते. रुईच्या 170 किलोच्या गाठी मात्र बऱ्याचशा गुजरात, तामिळनाडूकडे जातात. म्हणजे कापूस आहे, जिन आहेत, पण मजुरी पुन्हा हंगामाची झाली. जिन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो, मग कुलूप.

आमच्याकडे चौघं कामाला आहेत. पावसाळ्यात आम्ही ट्रॉलीचे अ‍ॅक्सल आणि पंपाचे शाफ्ट करतो. त्यात नफा जेमतेम, पण चौघांचा पगार सात तारखेच्या आत निघतो.