नळाला हात लावला की मुंग्या येत होत्या म्हणून गीझर उघडला

दिवाळी झाली, थंडी पडायला लागली आणि एका सकाळी आई (म्हणजे सासूबाई) बाथरूममधनं बाहेर येऊन म्हणाल्या, "अगं, नळाला हात लावला की मुंग्या आल्यागत होतंय, तुला होतं का गं?" मला आदल्या दिवशीच तसं काहीतरी जाणवलं होतं, पण पाणी गार आहे, हात बधिरलाय असं वाटलं आणि मी सोडून दिलं. आई बोलल्या तेव्हा मात्र पोटात गोळा आला. सत्तरी उलटलेलं माणूस, ओली फरशी, ओले पाय, आणि नळात करंट. तिथल्या तिथे गीझरचं बटण बंद केलं, एमसीबी (बोर्डातला, करंट जादा झाला की आपोआप पडणारा खटका) पाडला, १६ अँपिअरची पिन उपसून काढली आणि घरात सगळ्यांना सांगितलं की आता कुणी हात लावायचा नाही. आठवडाभर गॅसवर पातेली चढवून पाणी तापवलं, आई तर माळ्यावरचा तांब्याचा बंब काढ म्हणत होत्या.

गीझर १५ लिटरचा, २ किलोवॅटचा, नऊ वर्षं जुना. दुरुस्तीवाल्याला बोलावलं तर त्यानं खालचं कव्हर काढून पाच मिनिटं बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाला टाकी गेलीय, नवीनच घ्या, साडेआठ हजारापर्यंत बसेल. ३०० रुपये व्हिजिट चार्ज घेऊन गेला. तो गेल्यावर आई म्हणाल्या, "टाकी गेली तर पाणी गळायला पायजे की. गळत तर न्हाई एक थेंब." अगदी बरोबर होतं त्यांचं. शिवाय महिनाअखेर, ह्यांचा पगार व्हायचा होता, मुलीची फी भरायची होती, साडेआठ हजार काढायचे कुठनं.

मग किर्लोस्करवाडीच्या मामांना फोन लावला. मामांनी उभा जन्म वायरमनकीत घालवलाय. सगळं ऐकून घेतलं आणि पहिलं वाक्य, "गरम पाणी येत होतं न्हवं शेवटपर्यंत? मग टाकीबिकी काय गेली न्हाई. एलिमेंट फुटलंय बघ. एक मल्टीमीटर घे आणि मला फोन कर." एलिमेंट म्हणजे टाकीतली पाणी तापवणारी नळी.

मल्टीमीटर (व्होल्ट, ओहम मोजायचं छोटं मीटर) २८० रुपयांना मिळाला. मामा फोनवर, फोन स्पीकरवर, आणि मी स्टुलावर. पहिली दहा मिनिटं त्यांनी नुसतं हेच विचारलं, मेन पाडलास का, पिन बाहेर आहे का, हात कोरडे आहेत का, पायात चप्पल आहे का. "नुसतं बटण बंद करून हात घालायचा न्हाई पोरी, बटणाच्या मागं फेज कुठनं येतोय ते कुणी बघितलंय." (फेज म्हणजे करंट आणणारी वायर.) हे सगळं मी इथे मुद्दाम लिहितेय, कारण घाईत माणूस नेमकं हेच विसरतं.

खालचं कव्हर तीन स्क्रूवर होतं. आत वायरींचं जाळं, म्हणून आधी मोबाईलवर फोटो काढून ठेवला, नंतर एलिमेंटच्या दोन्ही टोकांच्या वायरी सोडवल्या आणि मीटरच्या पिना त्या दोन टोकांना लावल्या. मामा म्हणाले २६ च्या आसपास ओहम (तारेचा विरोध) यायला हवेत. हिशेब सोपा आहे, २३० व्होल्ट गुणिले २३० भागिले २००० वॅट, बरोबर २६.४५. माझ्या मीटरवर २७ दिसलं. म्हणजे एलिमेंटची आतली तार तुटलेली नाही, पाणी तापत होतं ते त्यामुळंच. मग एक पिन एलिमेंटच्या टोकाला आणि दुसरी गीझरच्या लोखंडी बॉडीला. इथे मीटरवर काहीच यायला नको, म्हणजे रस्ता बंद असायला हवा. तर तिथे ९ किलोओहमच्या आसपास आकडे नाचायला लागले. मामा फक्त एवढंच म्हणाले, "ओल शिरलीय आत."

ते कसं होतं तेही समजून घेतलं. एलिमेंट म्हणजे तांब्याची नळी, तिच्या मधोमध तापणारी तार आणि दोघांच्या मध्ये मॅग्नेशियम ऑक्साईडची पांढरी पावडर ठासलेली असते. ती पावडर उष्णता जाऊ देते, करंट जाऊ देत नाही. पण बाहेरची नळी चिरली की पावडर ओल धरते आणि मग करंट पावडरीतनं पाण्यात, पाण्यातनं टाकीला आणि नळाला. कधीकधी सुरुवातीला एलिमेंट गार असताना साध्या मीटरवर ही गळती दिसतच नाही, वायरमनकडे मेगर (जास्त व्होल्टवर गळती तपासणारं मीटर) असतो त्यावर दिसते. त्यामुळे मीटरनं चांगलं दाखवलं तरी मुंग्या येत असतील तर गीझर सुरू करायचा नाही.

आता टाकी रिकामी करायची. खालच्या गार पाण्याच्या तोंडावर जो सेफ्टी व्हॉल्व असतो तो पाणी मागे येऊ देत नाही, म्हणून वरची कॉक बंद करून, कनेक्शन पाईप आणि तो व्हॉल्व दोन्ही काढले आणि खाली बाथरूममधला गरम पाण्याचा नळ उघडा ठेवला, त्यातनं हवा आत जाते आणि टाकी उपसते. पाणी बादलीत पडलं त्याच्यासोबत पांढरी खडी पडायला लागली, आधी वाळूसारखी, मग बोटाच्या पेरांएवढे तुकडे. फ्लँजचे (एलिमेंट टाकीला धरून ठेवणाऱ्या तबकडीचे) बोल्ट काढून एलिमेंट ओढलं तर ते येईना, हळूहळू फिरवत काढलं. तांबं कुठे दिसतच नव्हतं. वारुळासारखे चुन्याचे थर, खडबडीत, राखाडी-पांढरे, आणि एका वळणाजवळ थर फुटून खाली नळीला नखाएवढी लांब चीर, तिच्या कडा हिरव्या पडलेल्या. शेजारी मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड रॉड असतो (टाकीच्या ऐवजी तो झिजतो, म्हणून टाकी गंजत नाही), त्याची नुसती मधली तार उरली होती.

आमच्याकडे सांगलीत आंघोळीला बोअरचं पाणी. प्यायला कृष्णेचं नळाचं येतं पण ते दोन तास, बाकी सगळं बोअरवर. जड पाणी तापलं की त्यातला चुना बाहेर पडतो आणि जिथे सगळ्यात गरम तिथे, म्हणजे एलिमेंटवर, बसतो. थर जाड झाला की उष्णता पाण्यात जात नाही, आतली नळी जास्त जास्त तापते आणि शेवटी फुटते. आम्ही थर्मोस्टॅट (पाणी किती तापवायचं ते ठरवणारं बटण) कायम शेवटच्या खुणेवर ठेवायचो, लवकर गरम होतं म्हणून. तर तसं काही नसतं, तापायचा वेग तोच असतो, फक्त पाणी जास्त तापत राहतं आणि चुना जास्त बसतो. आता ५५ ते ६० वर ठेवलाय, अर्धी बादली गार मिसळून आंघोळीला भरपूर होतं.

जुनं एलिमेंट पिशवीत घालून गणपती पेठेत गेले. हे न्यावंच लागतं, कारण फ्लँजची भोकं आणि लांबी प्रत्येकाची वेगळी. एलिमेंट ४८०, रबरी गॅस्केट ४०, अ‍ॅनोड रॉड १६०, टेफ्लॉन टेप २०. सातशे रुपयांत सगळं आलं. टाकीतनं अजून बरीच खडी हातानं काढली, लिंबूसत्व कोमट पाण्यात विरघळवून रात्रभर आत ठेवलं, सकाळी धुऊन टाकलं. नवीन गॅस्केट, बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळत गेले, एकदम एक बाजू आवळली की गॅस्केट वाकडं बसतं आणि गळतं.

मला वाटलं संपलं काम. मामांना आनंदानं फोन केला तर ते गप्पच. मग म्हणाले, "एलिमेंट फुटलं ते कळलं. पण मुंग्या का आल्या? अर्थिंग असतं तर करंट तिकडनं गेला असता, तुमच्या अंगातनं कशाला जाईल? पिन लावू नकोस, मी रविवारी येतो."

अर्थिंग म्हणजे गळलेला करंट जमिनीत नेणारी वायर. खरं सांगते, मामांचा हा प्रश्न माझ्या डोक्यातच आला नव्हता. आणि त्या दुरुस्तीवाल्याच्याही आला नव्हता. आम्ही साडेआठ हजाराचा नवा कोरा गीझर घेतला असता तरी तो त्याच सॉकेटवर लागला असता आणि दोन-चार वर्षांनी बोअरच्या पाण्यानं त्याचंही एलिमेंट फुटलं असतं, तेव्हा नळाला हात कुणाचा असता कोण जाणे.

रविवारी मामा रेल्वेनं आले, पिशवीत टेस्ट लॅम्प, म्हणजे होल्डरमध्ये १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब आणि दोन वायरी. हे काम त्यांनी मला करू दिलं नाही, चालू लाईनवरचं काम ज्याला येतं त्यानंच करायचं. गीझरच्या सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रलला (करंट परत नेणारी वायर) लावला, बल्ब लख्ख. फेज आणि अर्थला लावला, काहीच नाही. बल्ब मेल्यासारखा. बाकीच्या खोल्यांतही तेच.

मागच्या अंगणात धुण्याच्या दगडाशेजारी आमचा अर्थिंगचा खड्डा. भिंतीवरनं जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) वायर खाली येते, वर अगदी चांगली दिसत होती. मामांनी जमिनीलगतची माती खुरप्यानं उकरली आणि वायर जरा हलवली तर हातात पापडासारखी मोडून आली. तेव्हा मला २०१९ चा महापूर आठवला. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५. आमच्या शामरावनगरातल्या घरात छातीएवढं पाणी होतं, गीझर छताजवळ म्हणून तेवढा वाचला. पूर ओसरल्यावर आम्ही बोर्ड बदलले, वायरी बदलल्या, कपाटं फेकली, भिंती रंगवल्या, आणि जमिनीत गाडलेल्या अर्थिंगकडे एकानंही बघितलं नाही. गाळात ती वायर गंजत राहिली आणि इतकी वर्षं सगळं घर विनाअर्थिंगचं चाललं होतं, फ्रीज, वॉशिंग मशीन, इस्त्री सगळं.

मग मी पैसे मोजायचे थांबवले. लायसनवाला वायरमन बोलावून नवीन अर्थिंग केलं, अडीच मीटरचा जीआय पाईप, भोवती कोळसा आणि मिठाचे थर, वर पाणी ओतायला नरसाळं, कारण आमची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि कोरडी पडली की अर्थ कच्चा होतो. खोदाईसकट सामान १९००, वायरमन ५००. आणि मेन बोर्डात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, १६५०. एमसीबी आहे की, मग हे कशाला, असं ह्यांनी विचारलं तेव्हा मामांनी समजावलं की १६ अँपिअरचा एमसीबी म्हणजे १६ हजार मिलीअँपिअर, तो वायर जळू नये म्हणून असतो. माणसाच्या जिवाला त्याच्या कितीतरी खाली धोका असतो, आणि ते एमसीबीला कळतच नाही. आरसीसीबी गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांचा मेळ बघतो, मेळ बसला नाही की पडतो. बसवला त्याच संध्याकाळी तो पडला, मागच्या दिव्याच्या होल्डरमध्ये पावसाचं पाणी साठून गंजलं होतं. ते पण असंच वर्षानुवर्षं.

गीझरवर ९८० गेले मीटर धरून, दुरुस्तीवाल्याचे ३०० सोडून, आणि घराच्या सुरक्षेवर ४०५०. घट्ट महिना गेला, पण हे चार हजार काढताना मला एकदाही जड वाटलं नाही.

पिन लावायच्या आधी टाकी पूर्ण भरली, गरम नळातनं सलग धार येईपर्यंत, रिकाम्या टाकीत एलिमेंट तापलं की मिनिटात जळतं. वीस-बावीस मिनिटांत पाणी तापलं. कव्हरच्या आत मार्करनं तारीख लिहिलीय, पुढच्या दिवाळीत रॉड आणि खडी बघायची.

जाताना मामा टेस्ट लॅम्प वायरमनकडे देऊन गेले आणि सांगून गेले की गल्लीतली घरं बघ. आमच्याबरोबर पुरात बुडालेली घरं सगळी. परवा शेजारच्या काकूंकडे त्यानं लावून बघितला, फेज-न्यूट्रलला लख्ख, आणि फेज-अर्थला बल्बची नुसती तार लाल झाली. काकूंनी गीझरची पिन काढून आमच्याकडे ठेवायला दिलीय, खड्डा बुधवारी खणणार आहेत. तोवर त्यांच्या आंघोळीचं पाणी आमच्या बाथरूममधनं बादलीनं जातंय.