सुएझचे कागद क्यूमध्ये वाचताना: माझा अनुभव

१९५६ च्या सुएझ संकटावर (इजिप्तने सुएझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण केल्यावर ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायल यांनी केलेला हल्ला) काम करणाऱ्याला लंडनच्या क्यू भागातलं राष्ट्रीय अभिलेखागार टाळता येत नाही. वाचक-कार्डासाठी आधी ऑनलाइन नोंदणी, मग ओळखीचा आणि पत्त्याचा असे दोन वेगळे पुरावे. भारतातून येणारे पत्त्यापाशी अडतात. पासपोर्ट ओळखीपुरताच, म्हणून बँकेचं अलीकडचं स्टेटमेंट सोबत ठेवावं. वाचनकक्षात शिसपेन्सिल चालते. पेन आणि खोडरबर बाहेर.

मी सुरुवात कॅब १२८ या फायलींच्या मालिकेपासून करतो (कॅब म्हणजे CAB, ‘कॅबिनेट’चा संक्षेप). ही मंत्रिमंडळाची इतिवृत्तं. बैठकीपुढे ठेवलेली टिपणं कॅब १२९ मध्ये. नवखा अभ्यासक इथेच फसतो. इतिवृत्तात ‘चर्चेत पुढील मुद्दे मांडले गेले’ असं लिहून मोकळे होतात; मतभेद कुणाचे, हे सहसा कळत नाही, कारण निर्णयाची जबाबदारी सामूहिक. ते कळतं कॅब १९५ मधून. मंत्रिमंडळ सचिव नॉर्मन ब्रुक यांनी बैठकीत बसून भराभर लिहिलेल्या या वह्या: नावांऐवजी आद्याक्षरं, अर्धवट वाक्यं, घाईचं अक्षर. टेबलावर एका वेळी एकच दस्तऐवज ठेवता येतो, म्हणून आधी कॅब १२८ चे फोटो काढायचे, मग वही मागवून तारखेनुसार ताडून बघायचं. प्रत्येक फाईलचा पहिला फोटो मुखपृष्ठाचा, संदर्भ क्रमांकासह. नाहीतर घरी परतल्यावर कुठलं पान कुठल्या फाईलचं, याचा पत्ता लागत नाही. पंतप्रधान कार्यालयाच्या फायली प्रेम ११ (PREM, ‘प्रीमियर’चा संक्षेप) मध्ये; नावावर जाऊ नका, मजकूर रुक्षच आहे.

एक गोष्ट मात्र क्यूमध्ये शोधत बसू नये. २४ ऑक्टोबर १९५६ ला पॅरिसजवळ सेव्हर इथे ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायल यांच्यात झालेल्या हल्ल्याच्या गुप्त कराराची ब्रिटिश प्रत तेव्हाचे पंतप्रधान अँथनी ईडन यांनी नष्ट करवली. टिकली ती इस्रायलची प्रत.

सरकारी खात्याने एखादं पान रोखलं असेल तर त्या जागी १९५८ च्या अभिलेख कायद्यातल्या, खात्याला कागद स्वतःकडे ठेवू देणाऱ्या कलम ३(४) चा उल्लेख असलेला कागद लावलेला असतो. त्यावरचा तपशील उतरवून घ्या आणि माहिती-स्वातंत्र्य कायद्याखाली संबंधित खात्याकडे अर्ज करा. उत्तराची मुदत २० कामकाजी दिवस, पण सार्वजनिक हिताचं कारण देऊन ती लांबवता येते. ‘सुएझविषयी सगळं’ असं मागितलंत तर अर्ज खर्चाच्या कारणावरून फेटाळला जाऊ शकतो: केंद्रीय खात्यांसाठी मर्यादा ६०० पौंडांची, म्हणजे ताशी २५ पौंडांनी २४ तासांचं काम. अर्जात फाईल क्रमांक आणि रोखलेलं नेमकं पान लिहावं.